वाचकांचे प्रश्न : सायकल चालवताना हेडफोन

प्रश्न : मी कर्वेनगरहून हिंजवडीला सायकलने कामावर जातो आणि जाता-येता इअरबड लावून गाणी ऐकतो. घरच्यांना हे धोक्याचे वाटते. माझे म्हणणे असे की, काचा बंद करून, एसी आणि गाणी लावून मोटार चालवणाऱ्याला माझ्याहूनही कमी ऐकू येत असेल. त्याला मात्र कोणी काही म्हणत नाही. सायकलस्वाराला कायद्याने बंदी असल्याचेही माझ्या पाहण्यात नाही. मग माझे चुकते कुठे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कायद्यापुरते आपले म्हणणे बरेचसे बरोबर आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ‘मोटार वाहन’ या व्याख्येत पायडलची सायकल बसत नाही, त्यामुळे मोबाइल हातात धरून वाहन चालवण्याबद्दलची त्या कायद्यातील शिक्षाही तिला लागू होत नाही. मात्र भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ कोणत्याही वाहनाला लागू आहे. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा हयगयीने वाहन चालवून इतरांच्या जिवाला धोका निर्माण केल्यास त्यात ६ महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. कानांत इअरबड होते एवढ्यावरून हा गुन्हा ठरत नाही; पण एखाद्या पादचाऱ्याला आपला धक्का लागला, तर तो प्रश्न विचारला जाईल आणि आपल्याला कोणी धडक दिली, तर नुकसानभरपाईच्या दाव्यात समोरचा वकील तोच मुद्दा पुढे करील.

मोटारचालकाशी केलेली तुलना मात्र अर्धवट आहे. त्याला कमी ऐकू येते हे खरे, पण मागचे पाहण्यासाठी त्याच्याकडे तीन आरसे असतात, त्याच्याभोवती लोखंडी पत्रा असतो आणि तो रस्त्यावरच्या इतर वाहनांच्याच वेगाने जात असतो. आपण सर्वांत कमी वेगाने, रस्त्याच्या डाव्या कडेने जाता आणि मागून येणारे जवळजवळ प्रत्येक वाहन आपल्याला ओलांडून पुढे जाते. सायकलस्वाराचा आरसा म्हणजे त्याचे कान.

चांदणी चौकाच्या पुढे महामार्गालगतच्या सेवारस्त्यावर आपण ताशी १५ किलोमीटर वेगाने चालला आहात आणि समोर खचलेले चेंबर आले, असे समजा. ते चुकवायला हातभर उजवीकडे सरकावे लागणार. मान वळवून मागे पाहावे, तर बहुतेकांचे हॅन्डलही त्याच बाजूला वळते आणि तेवढ्या वेळात चेंबर चाकाखाली येते. अशा वेळी अनुभवी सायकलस्वार प्रत्यक्षात मागे पाहतच नाही; मागचा आवाज त्याच्या कानात आधीपासूनच असतो. दूरवर डंपर आहे, तो गिअर बदलतो आहे, जवळ मात्र काही नाही, हे त्याला विचार न करता कळलेले असते. ताशी ५० किलोमीटर वेगाने मागून येणारी मोटारसायकल ३० मीटरचे अंतर साधारण ३ सेकंदांत कापून आपल्याला गाठते. त्या ३ सेकंदांत कानात तबला-ढोलकी चालू असेल, तर हातभर उजवीकडे सरकण्याचा निर्णय आंधळेपणाने घ्यावा लागतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपल्याकडे हॉर्न कशासाठी वाजवला जातो. युरोपातील बऱ्याच शहरांत तो क्वचित, धोका दिसला किंवा राग आला तरच वाजतो. आपल्याकडे तो ‘मी मागे आहे, आता पुढे निघतो आहे’ असे कळवण्यासाठी वाजतो. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्याची प्रथा त्यातूनच पडली आणि महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये त्या मजकुरावर बंदी घातल्यानंतरही रस्त्यावरची सवय बदललेली नाही. ही सवय मला मुळीच आवडत नाही, पण तिच्यावर चालणारा व्यवहार खरा आहे : हॉर्न दिला, म्हणजे सायकलवाल्याने तो ऐकला आणि आता तो सरळच जाईल, असे धरून मागचा चालक आपल्या शेजारून वीतभर अंतर ठेवून गाडी काढतो. आपण तो हॉर्न ऐकलेलाच नाही, हे त्याला कळण्याचा काही मार्ग नसतो. स्कार्फ किंवा हेल्मेटखाली इअरबड दिसतही नाही. आपल्या घरच्यांची काळजी मला रास्त वाटते ती यामुळे. वर्दळीच्या रस्त्यावर गाणी बंद ठेवावीत, असेच माझे मत आहे. जन्मतः ऐकू न येणारे अनेक जण उत्तम सायकल चालवतात हे खरे; पण त्यांची नजर आणि आरसा वापरण्याची सवय आयुष्यभराची असते, इअरबड लावल्याबरोबर ती आपल्याला येत नाही.

प्रश्न : एकाच कानात इअरफोन घातला तर? ‘नॉइज कॅन्सलेशन’ किंवा हाडांतून आवाज पोहोचवणारे हेडफोन कितपत सुरक्षित आहेत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा आवाज दाबून टाकण्याची हेडफोनमधील सोय, सर्वांत वाईट. हे तंत्र एकसारख्या, खालच्या पट्टीच्या घरघरीवर सर्वाधिक प्रभावी ठरते आणि मागून येणाऱ्या बसचा किंवा ट्रकचा आवाज नेमका तसाच असतो. विजेवरच्या बस आणि स्कूटर मुळातच कमी आवाज करतात. त्यांच्या टायरची सळसळही कानापर्यंत पोहोचली नाही, तर मागे काही आहे हे समजतच नाही.

एका कानाचा उपाय त्यापेक्षा बरा. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कानाच्या आत घट्ट बसणारे इअरफोन लावलेल्या सायकलस्वारांना इशाऱ्याचे आवाज ऐकण्यात स्पष्ट अडचण आली, तर एकाच कानात साधा इअरफोन असताना तसा परिणाम दिसला नाही. मात्र आवाज ऐकू येणे आणि तो कुठून आला हे कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानाला एक मिलिसेकंदापेक्षाही कमी उशिराने आणि किंचित मंद ऐकू येतो. त्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. एक कान गाण्यात गुंतला की हॉर्न ऐकू येतो, पण दचकून मान भलतीकडे वळू शकते. आपल्याकडे वाहने उजवीकडून ओलांडतात म्हणून डाव्याच कानात इअरफोन घालावा, असा सल्ला दिला जातो. डावीकडून घुसणाऱ्या दुचाकी पाहिलेल्या माणसाला तो पटणे कठीण आहे.

हाडांतून आवाज पोहोचवणारे हेडफोन गालाच्या हाडावर बसतात आणि कानाचे छिद्र मोकळे ठेवतात, त्यामुळे घेणारच असाल, तर तेच घ्यावेत. तरीही गाणे आणि हॉर्न शेवटी एकाच आंतरकर्णात पोहोचतात. गाणे मोठे झाले की हॉर्न त्यात बुडतोच. वाऱ्याच्या आणि रहदारीच्या आवाजावर मात करायला आवाज वाढवत नेण्याचा मोहही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे, ९० डेसिबलला मात्र फक्त ४ तास. हॅन्डलला छोटा स्पीकर अडकवण्याचा मार्ग उरतो, त्यात कान मोकळे राहतात. परंतु पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी आपल्या आवडीची गाणी सर्वांना ऐकवण्याचा परवाना आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न त्या वेळी चालायला आलेल्या मंडळींनी विचारला, तर माझ्याकडे उत्तर नाही.

प्रश्न : माझा मुलगा शिक्षणासाठी फ्रान्सला गेला आहे. तिथे सायकलवर हेडफोन लावल्यास दंड होतो म्हणतात, ते खरे का?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : खरे आहे. १ जुलै २०१५ पासून तिथे मोटारचालकांप्रमाणे सायकलस्वारांनाही कानांत इअरफोन घालण्यास मनाई आहे आणि दंड १३५ युरो आहे. सगळीकडे मात्र असे नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दोन्ही कान झाकण्यास मनाई आहे, एक चालतो. नेदरलँड्समध्ये १ जुलै २०१९ पासून सायकलवर फोन हातात धरण्यास बंदी आहे, हेडफोनला नाही. सुट्टीत तो शेजारच्या देशांत सायकल घेऊन जाणार असेल, तर तिथला नियम त्याने आधी पाहून घ्यावा.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. क्लासला सायकलने जाताना इअरफोन लावते, सांगून ऐकत नाही. काय करावे?
— एक पालक, सांगली

उत्तर : ‘मोबाइल काढून घेऊ’ या धमकीचा उपयोग होत नाही, इअरफोन स्कार्फच्या आत जातात आणि आपल्याला वाटते की सवय सुटली. त्यापेक्षा एका रविवारी आपणही सायकल काढून तिच्यामागून क्लासपर्यंत जा, गाणी चालू असू द्या आणि वाटेत थोड्या अंतरावरून दोन-तीनदा घंटी वाजवा. क्लासच्या दारात पोहोचल्यावर तिने किती वेळा ऐकली, एवढेच विचारा. गाणी बंद झाल्यावरही उन्हासाठी बांधलेला जाड स्कार्फ कानांवर घट्ट बसतोच. तो कानांमागून बांधायला सांगा आणि सायकलच्या दुकानातून उजव्या हॅन्डलला एक छोटा आरसा बसवून घ्या.