आधी तुझी एक्सेल शीट उघडी कर

तुझा मेल परवा रात्री वाचला आणि खरं सांगू का, आधी रागच आला. "सर, ॲरन स्वार्ट्झ चोर होता की हुतात्मा, काही ठरवता येत नाहीये." अगं, ज्ञान सगळ्यांना खुलं हवं म्हणणारा तो अमेरिकन प्रोग्रामर, त्याचा निवाडा तुला करायला सांगितलंय कुणी? माण तालुक्यातल्या विहिरींच्या दोन वर्षांच्या पातळ्या तुझ्या लॅपटॉपवर पडल्यात, त्या मोजायला ज्यांनी आपल्या विहिरीत टेप सोडू दिली त्यातल्या एका आजोबांनी फोन करून विचारलं की ताई, आमच्या आकड्यांचं काय झालं, आणि तुझ्याकडे त्यांना द्यायला काय, तर तुझ्या शोधनिबंधाची एक लिंक, जी उघडली की पैसे मागते, तेही डॉलरमध्ये. तुझा प्रश्न हा आहे. ॲरन नंतर.

पण तू नाव काढलंस म्हणून बोलतो. सगळे एमआयटीचाच, म्हणजे त्या अमेरिकन विद्यापीठातलाच, प्रसंग सांगतात. तळघरातली वायरिंगची खोली, पुठ्ठ्याच्या खोक्याखाली लपवलेला लॅपटॉप, चेहरा दिसू नये म्हणून तोंडासमोर धरलेलं सायकलचं हेल्मेट आणि त्याच्या फटींतून बघणारा तो. जेस्टोर या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहातून उतरवलेले सुमारे ४८ लाख लेख. जानेवारी २०११ मध्ये अटक, जुलैत आरोपपत्र. जेस्टोरने तर त्याआधीच त्याच्याशी मिटवून घेतलं होतं, पण सरकारी वकील सोडेनात, सप्टेंबर २०१२ पर्यंत ४ आरोपांचे १३ झाले. ११ जानेवारी २०१३ ला ब्रुकलिनमध्ये त्याने स्वतःचा जीव घेतला. वय २६. खटल्यामुळेच गेला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, माणसाच्या आत काय चाललेलं असतं ते बाहेरून कळत नाही.

यात मला सगळ्यात सलतं ते एमआयटीचं. त्यांच्याच २०१३ च्या अहवालात आहे की संस्थेने या सगळ्यात तटस्थ भूमिका घेतली. तटस्थ! मला हा शब्द चांगला ओळखीचा आहे, कारण मी पण तटस्थच होतो. आमच्या ग्रंथालयात एका बंद पडलेल्या साप्ताहिकाच्या तीसेक वर्षांच्या फाइली होत्या, कागद इतका कडक झालेला की पान उलटलं की कोपरा हातात यायचा. सुट्टीच्या दिवशी जाऊन, घरचा स्कॅनर नेऊन, मी अकरा हजार पानं स्कॅन केली. समितीने सांगितलं कुणाला द्यायची नाहीत. का, ते नाही सांगितलं. मी म्हटलं बरं. पेन्शनला चार वर्षं होती, मुलीचं लग्न व्हायचं होतं, भांडण कशाला अंगावर घ्या, आणि आजही वाटतं की तेव्हा तसं वाटणं अगदीच चूक नव्हतं. नंतर फाइलींना वाळवी लागली. घरची हार्डडिस्क एक दिवस टिक टिक आवाज करायला लागली आणि बंद पडली. दुसरी कॉपी कुठेच नाही, कारण मी कुणाला दिलीच नव्हती. आता दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी संशोधक त्या साप्ताहिकाबद्दल विचारतो आणि मी सांगतो, होतं.

म्हणून म्हणतो, आधी स्वतःकडचं उघडं कर.

तू ॲरनचा, शोधनिबंध सगळ्यांना खुले करा म्हणणारा, २००८ चा जाहीरनामा स्टेटसला लावलास, ठीक आहे. पण हा मुलगा त्या खोलीत शिरायच्या कितीतरी आधीपासून स्वतःचं काम लोकांना वाटून टाकत होता हे कुणी स्टेटसला लावत नाही. चौदा वर्षांचा असताना आरएसएस १.० (वेबसाइटवरचं नवं लिखाण आपोआप वाचकापर्यंत पोचवायची पद्धत) ठरवणाऱ्या गटात मोठ्या माणसांबरोबर काम, मग क्रिएटिव्ह कॉमन्स या, आपलं काम इतरांना वापरू देणाऱ्या परवान्यांच्या सुरुवातीची तांत्रिक बाजू. वेबसाइट बनवायचं वेब.पाय हे सॉफ्टवेअर लिहिलं आणि थेट पब्लिक डोमेनमध्ये, म्हणजे कुणाचाच हक्क न ठेवता, टाकून मोकळा झाला. २००८ मध्ये अमेरिकन कोर्टांची २७ लाखांच्या आसपास कागदपत्रं उतरवली, जी मुळात जनतेचीच आणि तरी पानाला ८ सेंट घेतले जायचे. त्यावर एफबीआयने चौकशी केली, गुन्हा लावता आला नाही. मग पठ्ठ्याने माहिती अधिकारात स्वतःचीच एफबीआय फाइल मागवली आणि ती पण सगळ्यांना वाचायला टाकली.

आता तुझं "पण सर". गाइड नको म्हणतील. विचारलंस का? नाही. प्रकाशक केस करेल. कॉपीराइटचा जो फॉर्म सही केलास तो वाचलास का? तेही नाही, मला खात्री आहे. बहुतेक जर्नल्स लेखाची तपासून झालेली पण त्यांनी छपाईसाठी न सजवलेली प्रत ठराविक महिन्यांनी बाहेर ठेवू देतात, कलम शोध. आकडे कुणी ढापले तर? झेनोडो या संशोधनाची माहिती ठेवायच्या साइटवर टाक, फुकट आहे, डीओआय म्हणजे कायमचा ओळख क्रमांक मिळतो, त्यावर तारीख येते, मग ढापू देत की. मालकांची नावं काढ, विहिरींना नंबर दे, त्यांना विचारून मगच.

आणि "वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलं, आता प्रश्न सुटला" हे मला ऐकवू नकोस. सरकारने सरकारी विद्यापीठांसाठी जर्नल्सची एकत्र वर्गणी भरायची ती योजना, तीन वर्षांचे ६००० कोटी, युनिव्हर्सिटीत बसून तुला हजारो जर्नल्स उघडतील, छान आहे, मला आनंदच आहे. माणच्या त्या आजोबांकडे युनिव्हर्सिटीचं लॉगिन आहे का?

पीएचडी सोडून "चळवळीत उतरू का" हे परत विचारलंस तर फोन ठेवून देईन. आधी स्वतःकडचं. आणि हे एकटीने करू नकोस, रात्री दोन वाजता असले मेल लिहायच्या ऐवजी फोन कर, मला तशीही झोप नसते.

रविवारी शीट उघडून बस, मी असेन. डी कॉलममध्ये तू काही ठिकाणी फूट आणि काही ठिकाणी मीटर टाकलेत, ते आधी सरळ कर. मग गावासाठी मराठीत दोन पानं, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावता येतील अशी. त्यात पाण्याची खोली परस या विहिरी मोजायच्या जुन्या मापात लिही, आजोबा परसातच मोजतात. मीटर बाजूला लहान अक्षरात.