मुलुंडला ९० लाखांचा फ्लॅट घेतोय. गृहकर्जासोबत बँकेचाच विमा घ्यावा लागतो का?

नाही. विमा हवा अशी अट बँक घालू शकते, पण आमच्याच कंपनीचा घ्या अशी सक्ती करता येत नाही. मंजुरीपत्र नीट वाचा. बऱ्याचदा विम्याचा एकरकमी हप्ता गुपचूप कर्जातच मिळवलेला असतो, म्हणजे त्यावरही वीस वर्षं व्याज. त्यातही तो बहुधा तुमच्या आयुष्याचा विमा असतो, घराचा नव्हे! त्यापेक्षा वेगळा टर्म प्लॅन, म्हणजे ठरावीक मुदतीचा निव्वळ आयुर्विमा, घ्या. बँक बदलली तरी तो तुमच्याकडेच राहतो.

घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी जवळपास सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. ९० लाखांचा विमा मात्र काढू नका. भरपाई बांधकामाच्या खर्चावर मिळते आणि मुंबईत किमतीचा मोठा हिस्सा जागेचाच. हप्ता त्यामुळे किरकोळ येतो.

खरी ओढाताण रोख रकमेची. कर्ज जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ७२ लाख. उरलेले १८ लाख, ६ टक्के मुद्रांक शुल्काचे ५.४० लाख आणि नोंदणीचे ३० हजार खिशातून. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे ६ ऐवजी ५ टक्के.