नशा सुटत नाही, म्हणजे हा परत गुन्हा करणार का?

मी प्रोबेशनवरच्या, म्हणजे गुन्ह्यानंतर अटी घालून देखरेखीखाली घरी ठेवलेल्या मुलांचं समुपदेशन करते. त्यांचे आईवडील भेटायला येतात, तेव्हा बोलणं कुठूनही सुरू झालं तरी शेवटी भीती एकच निघते. नशा सुटत नाहीये, म्हणजे हा परत काहीतरी करून बसणार. एका आईने तर घरी वापरायची लघवी तपासणीची पट्टीच टिश्यूत गुंडाळून आणली होती. "ताई, महिना झाला गांजा सोडला म्हणतो. आणि हे बघा. मॅडमना कळायच्या आत काहीतरी करा." मॅडम म्हणजे प्रोबेशन ऑफिसर. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पट्टीवर एकच रेघ होती. गरोदरपणाच्या पट्टीची सवय असल्याने पुष्कळांचा इथे गोंधळ उडतो, पण या तपासणीत एकच रेघ आली तर पॉझिटिव्ह. आईने बरोबर वाचलं होतं. मात्र रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांजाचे अंश सोडल्यानंतरही ३० दिवस, कधी त्याहून जास्त काळ सापडू शकतात. म्हणजे पोरगा खोटं बोलत असेल किंवा नसेलही, एका पट्टीवरून ते ठरत नाही. आईला हे सांगितलं तर ती रडायलाच लागली.

मुलगा सतरा वर्षांचा, मित्रांबरोबर मोबाईल हिसकावताना सापडलेला. त्याच्याशी एकट्याशी बोलायला बसले, तेव्हा ऑफिसरकडे काय जातं आणि काय जात नाही ते आधी सांगितलं. हजेरी जाते, जिवाला धोका असेल तर तेही जातं, बाकी बोलणं जात नाही. आमच्या कामात हे पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं नाही, तर पुढचं सगळं बोलणं हवामानावर होतं.

गांजाबद्दल मी विचारलंच नाही. रात्र कशी जाते, एवढंच विचारलं.

"तीन-चारला झोप लागते."

"आणि ओढली तर?"

"लगेच."

"नाही ओढली तर काय होतं?"

बराच वेळ नखं कुरतडून म्हणाला, "दार वाजल्यासारखं वाटतं."

पोलीस रात्री आले होते. त्याच्या आधीची कितीतरी वर्षं वडील रात्री पिऊन यायचे, तेव्हाही दारच वाजायचं. म्हणजे गांजा हे त्याचं झोपेचं औषध झालं होतं. सोडल्यावर पहिले काही आठवडे झोप आणखी बिघडते, भयंकर स्वप्नं पडतात, म्हणून तो परत तिकडेच वळायचा. पहाटे झोपणारा मुलगा ऑफिसरकडच्या सकाळच्या हजेरीला कसा पोचणार? हजेरी चुकली की प्रोबेशनची अट मोडल्याची नोंद होते. तो नवा गुन्हा नव्हे, पण फाइल जाड होते आणि घरचे समजतात की पोरगं वाया गेलं.

आता आईबापांच्या त्या भीतीकडे येते. मानसिक त्रास असला म्हणजे मुलगा पुन्हा गुन्हा करेल, असं नाही. मानसिक आजार असलेल्या गुन्हेगारांवरच्या अभ्यासांचा १९९८ साली कॅनडातल्या जेम्स बोंटा आणि सहकाऱ्यांनी एकत्रित आढावा घेतला. त्यात निदानापेक्षा आधीच्या गुन्ह्यांचा इतिहास कितीतरी जास्त बोलका ठरला. नशा, संगत आणि रिकामा वेळ यांचं मात्र तसं नाही, त्यांचा पुन्हा गुन्हा होण्याशी थेट संबंध असतो. गंभीर गुन्हे केलेल्या १,३५४ अमेरिकन मुलामुलींचा सात वर्षं माग ठेवणाऱ्या अभ्यासात बहुतेकांचे गुन्हे कालांतराने कमी झाले. त्यातल्या मुलग्यांच्या नशेवरच्या उपचारात घरचे सामील असले, तर नशेबरोबर गुन्हेही घटले, निदान काही महिन्यांपुरते. म्हणून नुसतं 'मन मोकळं कर' असं समुपदेशन मला अपुरं वाटतं. झोप आणि आघातावर उपचार हवेतच, पण संध्याकाळी सहानंतर तो कुठे आणि कोणाबरोबर असतो, हेही हातात घ्यावं लागतं.

लपवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. वकिलाला विचारून, तपासणीच्या आधी ऑफिसरला सांगावं, आणि सांगताना उपचारांची योजना हातात असावी. पकडलं जाणं आणि स्वतःहून सांगणं यात फरक पडतो. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय असेल तर मात्र "आजपासून बंद" असा दम घरी कुणी देऊ नये. एकदम तोडल्याने फिट येऊ शकते, डॉक्टर लागतोच.

या मुलाची हजेरी मॅडमनी दुपारची करून दिली. मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार सुरू झाले. मध्ये एकदा घसरला, ते त्याने स्वतः येऊन सांगितलं. नवीन गुन्हा अजून तरी नाही. वडिलांना आणणं सगळ्यात अवघड गेलं. ते येतात कधी, कधी येत नाहीत, पण पिऊन घरी आले तर दार वाजवायचं नाही, हाक मारायची, एवढं त्यांनी मान्य केलंय.