१८१८चा ‘रामदरबार आणा’

तुम्ही विचारलंत ते, डब्यात सापडलेलं तांब्याचं ‘नाणं’ चलनातलं नाही. एका बाजूला रामदरबार, दुसरीकडे ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, वन आणा’. हे धार्मिक टोकन आहे, देव्हाऱ्यात पुजायला काढलेलं. कंपनीने असा आणा कधी पाडलाच नाही. एक आण्याचं नाणं चलनात आलं ते १९०७ साली, ब्रिटिश राजा सातव्या एडवर्डचं, नागमोडी कडेचं. शेजारी १८३५चा खरा पाव आणा ठेवून बघा: त्यावर कंपनीचं राजचिन्ह, दोन बाजूंना सिंह, वजन साधारण साडेसहा ग्रॅम. मग टोकनावरची अक्षरं भिंगाखाली तपासा, ठसा किती पुसट, गुळगुळीत दिसतो ते लगेच कळेल. अशा नाण्याला लाखो रुपये देऊ म्हणणाऱ्या जाहिरातींवर अजिबात जाऊ नका. त्यांनी नोंदणीसाठी पैसे मागितले तर फोन सरळ ठेवा. टोकन घासूनपुसून चकचकीतही करू नका.