स्टीव्ह स्परियर: कॉलेजात किंग, एनएफएलमध्ये फेल, असं का?

प्रश्न : अमेरिकन फुटबॉल नुकताच बघायला लागलोय. स्टीव्ह स्परियर खेळाडू म्हणून कॉलेजात स्टार, एनएफएलमध्ये, म्हणजे प्रोफेशनल लीगमध्ये, बेंचवर, मग कोच म्हणूनही कॉलेजात हिट आणि एनएफएलमध्ये फेल. दोन्ही वेळा सेम स्टोरी कशी काय?

उत्तर : मस्त प्रश्न विचारलात, स्परियर माझा एकदम आवडता माणूस. आधी 1966 ची फ्लोरिडा (स्परियरची कॉलेज टीम) विरुद्ध ऑबर्न मॅच घ्या, स्कोअर 27-27, शेवटची काही मिनिटं, 40 यार्डांवरून किक मारायची, आणि हा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, असून म्हणतो मीच मारतो, मारली पण, 30-27 ने जिंकले, त्या वर्षीची हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान, त्यालाच मिळाली.

पुढे एनएफएलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मुख्य क्वार्टरबॅक जॉन ब्रोडीच्या मागे बरीच वर्षं बेंच, आणि 1976 ला टॅम्पा बेच्या नव्या टीमकडून खेळला तर ती टीम 14 पैकी 14 मॅच हरली.

कोच म्हणून बघाल तर ड्यूक युनिव्हर्सिटी, जिथे सगळं वेड बास्केटबॉलचं, तिथे 1989 मध्ये एसीसीचं, म्हणजे त्यांच्या कॉलेज लीगचं, जॉइंट टायटल. मग 1990 ला फ्लोरिडा. बाकीचे कोच बॉल घेऊन पळण्यावर भर द्यायचे आणि हा पास, पास आणि पास. 1996 च्या सीझनमध्ये फ्लोरिडा स्टेटने, ही वेगळी युनिव्हर्सिटी, त्याच्या क्वार्टरबॅकला, डॅनी वर्फेलला, अक्षरशः बदडून काढला आणि 24-21 ने हरवलं. महिनाभरात शुगर बोलमध्ये, म्हणजे सीझनच्या शेवटच्या मोठ्या मॅचमध्ये, परत तीच टीम समोर, तर याने वर्फेलला लाइनच्या मागे लांब उभं केलं, पास फेकायला जास्त वेळ मिळाला, आणि रिझल्ट 52-20, नॅशनल चॅम्पियन!

आता फेल का झाला? माझ्या मते कॉलेजात पोरं कोच स्वतः शोधून आणतो, त्याच्या सिस्टिमला बसतील अशी, आणि त्याचा शब्द शेवटचा. एनएफएलमध्ये ड्राफ्ट (नवे खेळाडू टीमनी पाळीपाळीने निवडायचे), सॅलरी कॅप (पगारावर मर्यादा), मालक, सगळे मध्ये येतात, आणि तिथले डिफेन्सवाले पगार घेऊन दिवसभर तुमच्याच चाली अभ्यासतात. वॉशिंग्टनच्या एनएफएल टीममध्ये 2002 आणि 2003 मिळून 12 विजय, 20 पराभव, आणि राजीनामा.

पण फ्लोरिडापेक्षा मला त्याचं नंतर परत कॉलेजात, साउथ कॅरोलिनाला, केलेलं काम भारी वाटतं. या टीमने तोवर एका सीझनमध्ये 11 मॅच कधीच जिंकल्या नव्हत्या, त्याने 2011, 2012, 2013 सलग तीन वर्षं जिंकून दाखवल्या, आणि त्याआधी 2010 मध्ये नंबर वन अलाबामाला 35-21 ने लोळवलं. ती मॅच कुठे मिळाली तर पहिल्यांदा तीच बघा.