बाण कुठून कुठे जातो ते आधी बघ

अन्नसाखळी काढताना बहुतेक नवशिक्यांचा बाण उलटा पडतो. कोण कोणाला खातो हे तो दाखवत नाही, ऊर्जा कुठे जाते ते दाखवतो. म्हणून तो गवताकडून नाकतोड्याकडे. एवढं पक्कं झालं की पुढचं सोपं जातं.

दहा टक्क्यांचा नियम, म्हणजे साखळीतल्या एका पायरीवरची साधारण दहा टक्केच ऊर्जा पुढच्या पायरीला मिळते हा, पाठ करण्याआधी एका सुरवंटाकडे नीट बघ. पान कुरतडतानाच मागून काळ्या गोळ्या पडत असतात ना? खाल्लेल्यातली जवळपास निम्मी ऊर्जा तिथेच गेली. तिसरा हिस्सा श्वसनात, म्हणजे शेवटी उष्णता होऊन. अंगी लागतो साधारण सहावा भाग, आणि पक्ष्याला मिळतो तो तेवढाच. त्यातही प्रत्येक सुरवंट काही पकडला जात नाही. दहा टक्के ही ढोबळ सरासरी आहे, कायदा नव्हे.

हालचालीचा खर्चही खाण्यातून मिळालेल्या या ऊर्जेतूनच भागतो. बार-टेल्ड गॉडविट हा पक्षी स्थलांतरापूर्वी इतकी चरबी साठवतो की वजन जवळजवळ दुप्पट होतं. 2022 मध्ये अशाच एका पिल्लाने अलास्का ते टास्मानिया हे सुमारे 13,560 किलोमीटर अंतर 11 दिवसांत, कुठेही न उतरता कापलं. चिखलातल्या शिंपल्या-किड्यांची ऊर्जा अशी महासागर ओलांडते! मला हे आजही थक्क करतं.

आणखी एक: नायट्रोजन, फॉस्फरस फिरून मातीत येतात, ऊर्जा येत नाही. 'ऊर्जाचक्र' असा शब्द वहीत असेल तर तो आजच खोड.