पुण्यात घरी स्वतःपुरती वेप (ई-सिगारेट) ओढली तर गुन्हा होतो का?

ओढण्यासाठी वेगळी शिक्षा कायद्यात नाही, पण वेप हाती येण्याचे जवळपास सगळे मार्ग बंद आहेत. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दुबईहून येताना लोहगाव विमानतळावर बॅगेत सापडली तर तीही आयातच. ‘निकोटीन नाही’ ही सबब चालत नाही, कायद्याच्या व्याख्येत बिननिकोटीनची वेपही येते. टपरीवर सिगारेट राजरोस मिळते, मग वेपवरच बंदी का, हा सवाल रास्त आहे. पण त्याने जप्ती टळत नाही. मात्र जास्त नग ठेवू नका: साठ्यासाठी जागा देणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात आणि ‘स्वतःपुरते’ म्हणून किती चालतील, हा आकडा कायद्यात नाही.